फिटची गोळी, मनाचा आजार

मेडिकलमधून गोळ्यांचं पाकीट हातात आलं की आपण पहिलं काम करतो ते म्हणजे नाव मोबाइलवर शोधायचं. ‘सोडियम व्हॅल्प्रोएट’ टाकलं की उत्तर येतं, मिरगीचं औषध. डॉक्टरांनी बायपोलर सांगितलेल्या पोराच्या घरात इथूनच गोंधळ सुरू होतो. ‘याला फिट कधी आली होती?’ ‘डॉक्टरच चुकले असतील.’ पेशंट मुलगी असेल, तर पुढचा प्रश्न थेट सोयरिकीचा. आणि मग एक दिवस गोळ्या गुपचूप बंद होतात.

पण डॉक्टर चुकलेले नसतात. व्हॅल्प्रोएट झटके थांबवतं, हे फ्रान्समध्ये १९६०च्या दशकात योगायोगाने कळलं. त्याच दशकात तिथल्याच डॉक्टरांना त्याच्या भावंड-औषधाचा मूडवरही परिणाम दिसला. कार्बामाझेपिनचा उन्मादावर उपयोग जपानी डॉक्टरांनी १९७०च्या दशकात तपासला. अमेरिकेत १९९५ मध्ये व्हॅल्प्रोएटला उन्मादासाठी अधिकृत मान्यता मिळाली. मेंदूतल्या पेशी गरजेपेक्षा जास्त पेटल्या की ही औषधं त्यांना शांत करतात. मूड नेमका कसा स्थिरावतो, ते अजून पूर्ण उलगडलेलं नाही. पण बायपोलरमध्ये फायदा होतो, हे अभ्यासांत दिसलंय. थोडक्यात, गोळीच्या नावावरून आजार ओळखता येत नाही.

रागाचं मात्र वेगळं आहे. अमेरिकेतल्या कैद्यांवर फेनिटॉइन हे फिटचं औषध वापरून एक अभ्यास झाला, तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. डोकं सटकून झालेली मारामारी कमी झाली, पण ठरवून केलेली तशीच राहिली. पुढे २०१० मध्ये अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नाही. म्हणजे घरात आदळआपट करणाऱ्या प्रत्येकासाठी ‘रागाची गोळी’ नसते. झोप नाही, दारू आहे, परीक्षेचं किंवा कर्जाचं टेन्शन आहे, तर आधी त्याकडे बघावं लागतं. रूममेटला लागू पडली म्हणून त्याची गोळी आपण घेणं तर शुद्ध वेडेपणा.

मुलींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट चालू असेल, तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं. बौद्धिक वाढीवरही परिणाम होऊ शकतो. म्हणूनच मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या मुली-बायकांना हे औषध सुरू करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं. ज्यांचं आधीच चालू आहे त्यांनी घाबरून सोडायचं नाही. ‘मला दुसरं काही चालेल का?’ हे डॉक्टरांना सरळ विचारायचं. विचारायला लाजायचं कशाला? लॅमोट्रिजिन किंवा कार्बामाझेपिन घेताना अंगावर पुरळ आलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रक्ततपासणी सांगितली असेल, तर तीही टाळायची नाही. यातली कुठलीच गोळी एका झटक्यात बंद करायची नाही. आजार उलटतो, झटकेही येऊ शकतात.

आता प्रश्न आपल्या जिल्ह्याचा. मानोरा किंवा रिसोडच्या खेड्यातल्या माणसाला दर महिन्याला गोळ्या आणि तपासणीसाठी मजुरी बुडवून शहर गाठावं लागत असेल, तर उपचार अर्ध्यावर सुटणारच. मानसिक उपचार मिळणं हा मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने दिलेला हक्क आहे. ते कोणाचे उपकार नाहीत. ही औषधं आणि तपासण्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नियमित मिळाल्याच पाहिजेत, आणि ही मागणी आपण पोरापोरींनी लावून धरली पाहिजे.

सुरुवात कॉलेजपासून करता येईल. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर नोटीस बोर्डवर लावायला प्राचार्यांना सांगू. यंदाच्या रासेयो शिबिरात ग्रामस्वच्छतेसोबत एक संध्याकाळ मनाच्या आजारांसाठी ठेवू. आणि वर्गातला कोणी गोळी घेताना दिसला, तर नाव शोधून ग्रुपवर टाकण्याऐवजी त्याला एवढंच विचारू, ‘जेवला का बे?’