सूर्याच्या माथी खापर

१८७६ ते ७८ या काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात जो दुष्काळ पडला, त्यात लाखो माणसं अन्नावाचून मेली. दुष्काळी कामावर राबणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक रतल धान्य आणि वर एक आणा पुरे, असा हिशेब सरकारी अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मांडला. त्याच काळात हिंदुस्थानच्या बंदरांतून गहू विलायतेला जात होता. १८७७ मध्ये लंडनच्या एका मासिकात सौरडाग आणि दुष्काळ यांच्या नात्यावर लेख आला. लेखक दोघे, ‘नेचर’चे संपादक नॉर्मन लॉकयर आणि हिंदुस्थान सरकारच्या सांख्यिकी खात्याचे प्रमुख विल्यम हंटर. सूर्यावरचे डाग घटले की मद्रासेत पाऊस घटतो, असं त्यांचं म्हणणं. विज्ञान म्हणून प्रश्न रास्त होता. सरकारला तो भलताच सोयीचाही होता, कारण सूर्याची चौकशी लावता येत नाही.

प्रश्नाचा पाठपुरावा मात्र नेटाने झाला, हे मान्य केलं पाहिजे. सूर्याची नियमित निरीक्षणं हवीत या मागणीतून १८९९ मध्ये कोडाईकनालची वेधशाळा उभी राहिली. पुण्याची तख्तसिंगजी वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली, तेव्हा तिथली मोठी दुर्बीणही तिकडेच गेली. हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी सौरडाग आणि पाऊस यांचे आकडे जगभरातून जमवून ताडून पाहिले. नातं अगदीच क्षीण निघालं. पावसाचा धागा त्यांना सापडला तो प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबातल्या चढउतारांत. १८७७ चा तो दुष्काळ याच चढउतारांशी निगडित असलेल्या प्रबळ एल निनोच्या काळातला होता, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे ‘तापमानवाढ सूर्यामुळेच’ हा युक्तिवाद पुन्हा ऐकू येऊ लागला आहे. २०२४ मध्ये सौरचक्र ऐन भरात होतं, मे महिन्यात लडाखच्या आकाशातही लाल ध्रुवीय प्रकाश दिसला आणि तेच वर्ष नोंदींमधलं सर्वांत उष्ण ठरलं. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण त्यांची गाठ मारण्याआधी मापं बघायला हवीत. पृथ्वीजवळ सूर्याची ऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट इतकी पोहोचते. अकरा वर्षांच्या चक्रात ती साधारण एक वॅटने, म्हणजे हजारात एका भागाने, वरखाली होते. त्यातून जागतिक तापमानात पडणारा फरक फार तर एक दशांश अंशाचा, आणि पुढच्या मंदीत तोही ओसरतो. १८५० ते १९०० च्या सरासरीपेक्षा जग आता सव्वा अंशाहून अधिक तापलं आहे.

१९७८ पासून हे मोजमाप उपग्रह करतात, म्हणजे अंदाजपंचे काही उरलेलं नाही. या साडेचार दशकांत सूर्याची ऊर्जा वाढलेली नाही, झाली असेल तर किंचित घटच. २००८ मध्ये सुरू झालेलं चोविसावं चक्र तर शतकभरातलं सर्वांत दुबळं होतं. सूर्य मंद आणि पृथ्वी तापलेली, असं ते दशक गेलं. माझ्या मते वाद तिथेच मिटायला हवा होता.

यावर हमखास येणारा प्रतिवाद १६४५ ते १७१५ या डागविरहित काळाचा आणि तेव्हाच्या युरोपातल्या कडक हिवाळ्यांचा. जॉन एडी यांनी १९७६ मध्ये तो काळ ठळकपणे पुढे आणला, आणि ते मोलाचं काम आहे. पण युरोपातला गारठा त्याआधीच सुरू झाला होता आणि त्यात ज्वालामुखींचाही वाटा होता. दुसरा मुद्दा डेन्मार्कच्या हेनरिक स्वेन्समार्क यांचा. सूर्य जोरात असला की वैश्विक किरण कमी येतात, ढग कमी होतात आणि पृथ्वी तापते, असा तो. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत त्यासाठी खास प्रयोग उभारला गेला. किरणांमुळे ढगांचे सूक्ष्म कण तयार व्हायला मदत होते हे दिसलं, पण सौरचक्रामुळे त्यात पडणारा फरक फारच तुटपुंजा निघाला.

सर्वांत बोलका पुरावा आपल्या डोक्यावर आहे. सूर्य तापवत असता तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापते आहे आणि वरचं स्थितांबर थंड होतं आहे. कर्बवायू वाढल्यावर नेमकं हेच होतं.

सूर्याचा अभ्यास यामुळे बिनमहत्त्वाचा ठरत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या तापमानवाढीत सूर्याचाही थोडा हात होता. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ या भारतीय यानावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने बनवली आहे, आणि सौरवादळं उपग्रहांना व वीजजाळ्यांना खरोखर धोक्याची असतात. आक्षेप आहे तो कोळसा आणि तेलाचा हिशेब टाळण्यासाठी सूर्याला पुढे करण्याला. पुढच्या वेळी कोणी ‘हे सगळं सूर्यामुळेच’ म्हणालं, तर १९८० नंतर सूर्याची ऊर्जा किती वाढली, तो आकडा त्यांच्याकडे मागा.