दरड नसलेले दिवस

महाड-पोलादपूरच्या माणसांना धावून जायला कुणी शिकवायला नको. २००५च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथं डोंगर घरांवर आला. २०१६च्या ऑगस्टात सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल एसटी गाड्यांसकट रात्रीत वाहून गेला. २०१८ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत कोसळून ३० जण गेले. २०२०ला महाड शहरात पाच मजली इमारत बसली. आणि २२ जुलै २०२१ला तळियेत ऐंशीहून अधिक माणसं दरडीखाली गेली. त्याच पावसानं आमच्या पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीलाही गाठलं. दर वेळी लोक निघाले. दोर लावून दरीत उतरले, चिखलातून माणसं काढली, पुरानंतर महाडातल्या परक्या घरांतला गाळ उपसला. कोण कुणाचा, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

माझं वय आता असं आहे, की मला चिंता दरडीच्या दिवसाची कमी आणि उरलेल्या दिवसांची जास्त वाटते.

आमच्याकडच्या कुठल्याही वाडीत गणपती-शिमगा सोडून कधीही या. निम्म्याअधिक दारांना कुलपं. उघडी दारं आहेत ती म्हाताऱ्यांची. पोरं मुंबईला, नालासोपाऱ्याला, दिव्याला, काही सुरत-बडोद्याला. त्यांना बोल लावत नाही. डोंगरउतारावरच्या नाचणी-वरीवर कुणाचं शिक्षण होत नाही, आम्हीही तरुणपणी हेच केलं. पण मग इथं कोण कुणाला बघतं? सत्तरीची बाई ऐंशीच्या बाईला बघते. सकाळी पडवीतूनच हाक मारते, ‘उठलीस काय गो?’ ओ आली नाही तर काठी टेकत जाते. गोळ्यांची नावं दोघींनाही वाचता येत नाहीत. लाल सकाळची, पांढरी रात्रीची, एवढंच ठाऊक. दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची पांढरी दिली की सगळा हिशेब चुकतो. साखरेच्या आजारात पायाची जखम चिघळते, तरी महाडला जाणं होत नाही. रिक्षाला पैसे नसतात असंही नाही, मुलगा पाठवतो. बरोबर जायला माणूस नसतो.

शेजारच्याच महाड तालुक्यात एक डॉक्टर होऊन गेले असं नव्हे, आहेत. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा विंचू चावलेली पोरं डोळ्यांदेखत जात. त्यांनी काय केलं, तर रात्र रात्र रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपून ठेवला. त्या टिपणांतून १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये लेख गेला; पुढं त्यांच्याच कामातून रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध विंचवावर चालतं हे जगाला कळलं. २०२२मध्ये पद्मश्री मिळाली ती संशोधनाला. मला विचाराल तर अर्धी तरी त्या बसण्याला आहे.

सरकारकडं कागद आहेत. २००७चा आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा आहे, पण आमच्याकडची कुठली आई मुलाविरुद्ध प्रांतांकडं अर्ज घेऊन जाईल? श्रावणबाळ योजनेचे दीड हजार आहेत; ते काढायला भातलावणीनं झिजलेला अंगठा यंत्रावर उमटावा लागतो.

म्हणून आमचं बोलणं आहे ते मुंबईच्या मंडळाशी. प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ आहे, बैठका होतात, वर्गणी निघते. त्यातून देवळाचा जीर्णोद्धार झाला, सभामंडप झाला, कमान झाली, सप्ताहाला जेवणावळी होतात. हे वाईट नाही. मात्र सभामंडपाच्या फरशीवर पाय घसरून पडलेल्या म्हाताऱ्याला उचलायला वाडीत कुणी हवं की नको? मंडळानं वाडीतल्याच एका बाईला महिन्याचं मानधन बांधून द्यावं. तिनं रोज उघडी दारं फिरावीत, रक्तदाब मोजावा, गोळ्या लावून द्याव्यात, दवाखान्यात बरोबर जावं. आशाताईंवर हे ढकलू नका, त्यांच्या डोक्यावर आधीच चार गावं आहेत.

हे बोललो की ठरलेलं उत्तर येतं: पैसे देऊन कुठं माया मिळते? माया फोनवर रोज मिळते, हो. आम्हाला गोळी वेळेवर हवी आहे.

दुसरी शंका कुणी तोंडावर काढत नाही, म्हणून मीच काढतो. ती बाई कुठल्या आळीची? सगळी घरं तिला आत घेतील काय, तिच्या हातचं पाणी पितील काय? २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, त्या महाडापासून आम्ही तासाभराच्या वाटेवर राहतो. दरडीतून बाहेर काढणारा हात चालतो आणि अंथरूण बदलणारा चालत नाही, असं कुणाचं म्हणणं असेल, तर ते त्यानं बैठकीत उभं राहून सांगावं.

गणपतीला सगळे मुंबईकर येतील, बैठक होईलच. मंडपाच्या रंगाआधी हा विषय घ्या. वर्षाच्या मानधनातली पहिली पावती माझ्या नावानं फाडा. पैसे मी पिशवीत घालून आणतो.