कोपऱ्यातला गडी

मराठीच्या प्राध्यापकाचे कबड्डीच्या मैदानावर काय काम, असे आमचे सहकारी मला वरचेवर विचारतात. मी त्यांना कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या खर्डेकर प्राचार्यांचे नाव सांगतो. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडू लागले, तेव्हा या गृहस्थांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. माझे घर भाड्याचे, तेव्हा गहाण टाकण्याची सोय नाही. म्हणून मी वही घातली आहे.

या वहीत काय लिहितो, ते सांगायला हवे. कबड्डीत चढाई करणाऱ्याला ३० सेकंद मिळतात. त्याने गडी मारला तर गुण त्याच्या नावावर. पकडला गेला तर गुण पकडणाऱ्याच्या नावावर. पण तो हात हलवीत परत गेला तर? गुणपत्रिकेत कोणाच्याच नावापुढे काही चढत नाही! आणि खरी गंमत तर तिथेच असते. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाही तर चढाईवाला बाद. या पेचात त्याला ढकलतो कोण? पुष्कळदा कोपऱ्यातला गडी. तो पाऊलभर पुढे सरकतो, बोनस रेषेकडे जाऊ देत नाही, आणि घोटा धरीन असा नुसता धाक दाखवितो. धाकाला गुण नाहीत.

आमच्या जळकोटात असा एक डावा कोपरा आहे. बी. ए. च्या तिसऱ्या वर्षाला. नाव मुद्दामच देत नाही. पोरगा लाजाळू आहे. गेल्या हंगामात एका सामन्यात त्याच्या बाजूला सतरा चढाया आल्या, त्यांतल्या बारा रिकाम्या गेल्या. गुणपत्रिकेत त्याच्या नावापुढे दोन पकडी! निवड करणाऱ्यांनी पत्रिका पाहिली, उंची पाहिली, आणि दोन उंच चढाईवाले उचलले. त्यांनाही दोष देववत नाही. दिवसभरात इतके सामने पाहायचे, तर डोळा चढाईवाल्याच्याच मागे धावणार.

२०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि खेड्यातल्या पोरांना लिलाव हा शब्द कळला. चंदगडकडच्या सिद्धार्थ देसाईला २०१८ साली ३६ लाख ४० हजार मिळाले आणि पुढच्याच वर्षी १ कोटी ४५ लाख. आमची पोरे हे आकडे पाढ्यासारखे म्हणतात. तो चढाईवाला, हे खरेच. पण या लिलावात कोटीची बोली पहिल्यांदा लागली ती इराणच्या फजल अत्राचलीवर, २०१८ साली. आणि तो डावा कोपरा! हे मी आमच्या गड्याला सांगितले, तेव्हा तो प्रथमच मोकळेपणी हसला. चढायांचे विक्रम करणाऱ्या प्रदीप नरवालला २०२५ साली कोणी विकत घेतले नाही, हे मात्र मी सांगितले नाही. त्याला ते ठाऊक होतेच.

त्याचे वडील एकदा मला म्हणाले, "सर, कोपऱ्यात थांबून पोट भरतंय का हो?" शेत थोडे, मागे दोन भावंडे, प्रश्न अगदी रोकडा. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के जागा राखीव आहेत, पण त्याला मान्य स्पर्धेतल्या यशाचे प्रमाणपत्र लागते. संघातच घेतले नाही, तर प्रमाणपत्र कोठून यायचे? माझी वही तिथे चालत नाही.

तरी तिची चार पाने उतरून, दोन सामन्यांच्या चित्रफितींसह, मी पुण्याच्या एका प्रशिक्षकांकडे पाठविली. आठवड्याने दोन शब्दांचे उत्तर आले : "उंची किती?" मी उंची कळविली, आणि खाली त्या सतरा चढायांचा हिशेब पुन्हा लिहिला. पुढचे उत्तर यायचे आहे. तोवर पोरगा पहाटे उठून पोलीसभरतीसाठी १,६०० मीटर पळतो, आणि संध्याकाळी कोपऱ्यात उभा राहतो.