जालीम म्हणजे गुणकारी नव्हे

दिवाळी अंकात कर्करोगाचा विषय काढतो आहे, म्हणून काही वाचक नाक मुरडतील. फराळाच्या ताटाशी असल्या गोष्टी बोलू नयेत, हे मलाही कळते. पण आमच्या घरी त्या नेमक्या दिवाळीतच बोलल्या गेल्या, आणि जिच्याविषयी बोलल्या गेल्या तिला सोडून बाकी सर्वांशी बोलल्या गेल्या. तेव्हा रागवा, पण वाचा.

आमचे घर पोलादपूरचे. माझ्या थोरल्या वहिनींचे पोट फुगू लागले, दोन घासांत पोट भरू लागले, तेव्हा पाच महिने आम्ही गॅस समजून ओवा आणि सोडा देत राहिलो. शेवटी महाडच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करवून मुंबईला धाडले. अंडाशयाचा कर्करोग, पोटभर पसरलेला! शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली, डोक्यावर केस परत आले. आणि चौदा महिन्यांनी रोगही परत आला.

मग मुंबईच्या एका पाहुण्यांनी कुठल्याशा खासगी डॉक्टरांकडून खर्चाचा कागद आणला. जबर मात्रेची केमोथेरपी आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण. आकडा पाहून दादा मटकन खाली बसले. पण घटकाभरात सावित्रीकाठचे भाताचे खाचर विकायचे ठरलेसुद्धा. मी विचारले, "या रोगावर याचा गुण येतो, हे सिद्ध झाले आहे का?" उत्तर मिळाले, "प्रयत्न करून पाहायला काय हरकत आहे?"

हरकत आहे! तीच सांगायला ही लेखणी उचलली आहे.

या उपायामागचा विचार वरवर बिनतोड वाटतो. औषध वाढवले की कर्कपेशी जास्त मरतील. पण हाडांतली रक्त घडवणारी मज्जाही मरते. म्हणून रोग्याच्याच रक्तपेशींचे बीज आधी काढून गोठवून ठेवायचे, मग औषधाचा मारा करायचा, आणि ते बीज परत शरीरात सोडायचे. रक्ताच्या काही कर्करोगांत प्रत्यारोपणाने खरोखरच जीव वाचतात. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवानी यांनी एका लहान मुलीवर प्रत्यारोपण करून आपल्या देशात या विद्येचा पाया घातला. तिच्याविषयी मला आदरच आहे. पण एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागतेच असे नाही.

स्तनाच्या कर्करोगाची कथा ऐका. १९९०च्या दशकात अमेरिकेत हजारो स्त्रियांनी पुराव्याची वाट न पाहता हा उपाय करून घेतला. १९९९ साली चाचण्यांचे निकाल आले, तेव्हा साध्या उपचारावर त्याची सरशी दिसेना. दक्षिण आफ्रिकेच्या डॉ. बेझवोडा यांचा निकाल तेवढा अनुकूल होता. २०००मध्ये तपासणी झाली आणि त्यांनीच खोटेपणा कबूल केला. अंडाशयाच्या कर्करोगाचेही तेच. युरोपात १४९ स्त्रियांवर, पहिल्याच उपचाराच्या वेळी, तुलना झाली. २००७ साली निकाल छापून आला. आयुष्य वाढले नाही, यातना मात्र वाढल्या. उलटलेल्या रोगात तर त्याची सरशी सिद्ध झालेलीच नाही. तरुण मुलींत क्वचित होणारा अंडाशयाचा बीजपेशींचा कर्करोग निराळा. त्याचा विचार तज्ज्ञ वेगळा करतात.

"मग काय हातावर हात ठेवून बसायचे?" पाहुण्यांनी मला खडसावले. मुळीच नाही! सहा महिन्यांहून उशिरा उलटलेल्या रोगाला प्लॅटिनमची नेहमीची औषधे पुन्हा बऱ्याचदा लागू पडतात. जनुकात दोष सापडला तर ओलापारिबसारख्या गोळ्या आहेत. वेदना आणि पोटातले पाणी कमी करणारे उपचार आहेत. त्यांत शौर्याचा थाट नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. शेत विकले की आपण कर्तव्य केले असे वाटते. रोग्याला काय मिळाले, हे मग कोणी विचारत नाही.

आम्हीही विचारले नव्हते. वहिनीच जिन्याशी येऊन म्हणाल्या, "भाऊजी, माडीवर बसून पाच जण माझ्या पोटाचा निवाडा करताय. मला कोणी हाक मारली का?" मान खाली घालून मी त्यांना सारे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "यातले कुठले घेतले तर मी माझ्या घरी राहीन?"

त्यांनी साधी औषधे घेतली. दोन दिवाळ्या चुलीशी पाटावर बसून आम्हांला चकल्या चुकल्याबद्दल रागे भरल्या. तिसरी दिवाळी त्यांनी पाहिली नाही. खाचर आहे, पण मी हे खाचरासाठी लिहीत नाही.

मी लिहितो ते ओव्याच्या त्या पाच महिन्यांसाठी. वाचकहो, परवा भाऊबीज आहे. ओवाळणी घालताना बहिणीला विचारा: पोट सतत फुगते का, भूक लवकर भागते का, ओटीपोटात दुखते का, लघवीला वारंवार जावे लागते का? दोन-तीन आठवडे असे चालले असेल तर तिला डॉक्टरकडे न्या. घराण्यात कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लपवू नका. आणि उद्या कोणी जालीम उपायाचा कागद पुढे केलाच, तर सही करण्यापूर्वी पुरावा मागा. त्याआधी, जिचे शरीर आहे तिला हाक मारा.