मोटर सांगते ते माप खरं नसतं

मंडळी, घरी सीएनसी मशीन बांधणाऱ्या पोरांना सध्या एकच गोष्ट ऐकवली जाते : "क्लोज्ड लूप मोटर टाका, माप चुकणारच नाही." हे अर्धंच खरं आहे. पैसे बुडतात ते उरलेल्या अर्ध्यात, म्हणून ही पोस्ट.

साधी स्टेपर मोटर एका फेऱ्यात 200 पावलं टाकते, ड्रायव्हर त्याची 1600 करतो. 5 मिलिमीटर पिचचा बॉल स्क्रू लावला की एक पाऊल कागदावर जेमतेम 3 मायक्रॉनचं. बोर्ड पल्स पाठवतो आणि मोटर फिरली असं धरून पुढं जातो. टूल अडकलं, मोटर जागीच घुरघुरली, तरी बोर्डाच्या हिशेबात काम झालेलंच! (फायलीतला 'कार्यवाही करण्यात आली' हा शेरा आठवला का?)

मोटारीच्या मागं बसवलेला एन्कोडर ही चोरी पकडतो. पाऊल चुकलं तर भरून काढतो, नाही जमलं तर अलार्म देतो. चांगलीच गोष्ट आहे, परवडत असेल तर घ्या. पण एन्कोडर बसलाय मोटारीच्या शाफ्टवर, जॉब आहे टेबलावर. मधे कपलिंग, स्क्रू, नट, बेअरिंग. नटात 0.2 मिलिमीटर प्ले असेल तर दिशा बदलताना मोटर फिरते, टेबल तेवढं हलतच नाही, आणि एन्कोडर म्हणतो सगळं ठीक. महागड्या मशीनवर म्हणूनच टेबलालाच काचेची स्केल लावतात.

दरवाजावर नक्षी काढताना हे खपून जातं. घोटाळा होतो शेती अवजारांचे सुटे भाग करायला घेतल्यावर. 6204 बेअरिंगचं घर 47 मिलिमीटरचं. प्ले असलेल्या मशीनवर ते नीट गोल निघत नाही, दिशा बदलते त्या चार ठिकाणी खोट राहते. बेअरिंग घरातच फिरायला लागतं आणि भाग परत येतो. वसमत रोडच्या एका शेडमध्ये मी असे परत आलेले भाग बघितले. पोरगा मोटर बदलायच्या विचारात होता. डायल गेज मात्र त्याच्याकडं नव्हताच!

आता मुद्द्याचं. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात मशीनला अनुदान मिळतं. मशीन खरं किती माप धरतं, हे बघायची सोय मात्र आपल्या पोरांच्या हाताशी नाही. छत्रपती संभाजीनगरला इंडो जर्मन टूल रूम आहे, पण एका भागाचं माप तपासायला दोनशे किलोमीटर कोण जाणार? पाबळच्या विज्ञान आश्रमात, म्हणजे एका खेड्यात, 2002 सालापासून फॅब लॅब आहे. आपल्याकडं तर आयटीआय आहे, कृषी विद्यापीठाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यांनी आठवड्यातला एक दिवस वर्कशॉप बाहेरच्या पोरांसाठी उघडावं. नवी इमारत नको, उद्घाटन तर नकोच. डायल गेज, मायक्रोमीटर, बोअर गेज आणि शिकवणारा एक निदेशक, बस्स.

तोवर साधा डायल गेज आणा, टेबलाला टेकवा. 10 मिलिमीटर पुढं न्या, तेवढंच मागं आणा. काटा शून्यावर आला नाही, तर आधी नट बघा. मोटारीचं कोटेशन नंतर मागवा.