उजनीखाली बुडालेल्या वाटा

उन्हाळ्यात उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे जुने शिवमंदिर वर येते आणि त्याची छायाचित्रे इतिहासप्रेमींच्या पानांवर फिरू लागतात. मंदिर सुंदर आहेच. पण त्या छायाचित्रांखाली एक प्रश्न कधी विचारलेला दिसत नाही : या काठांना जोडणाऱ्या वाटांचे काय झाले? माझ्या मते या जलाशयाचा इतिहास मंदिरापेक्षा रस्त्यांत अधिक आहे. हा धागा त्या रस्त्यांविषयी.

भीमेच्या एका काठाला सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुका, दुसऱ्या काठाला पुणे जिल्ह्यातील इंदापूर. नकाशावर ही सीमा. व्यवहारात मात्र दोन्ही काठ एकच मुलूख. पावसाळ्यात नाव आणि उन्हाळ्यात पायउतार, एवढ्यावर बाजार, सोयरीक, दवाखाना सारे चालत असे. १९८० मध्ये धरण पूर्ण झाले आणि उतारांवर कायमचे पाणी उभे राहिले. नदी ओलांडता येते, समुद्रासारखा फुगवटा पायी ओलांडता येत नाही.

आता डिकसळ पाहा. १८५८ च्या अखेरीस पुण्याहून निघालेली लोहमार्गाची वाट डिकसळपर्यंत आली आणि काही महिने तिथेच थांबली. पुढच्या वर्षी भीमेवरील पुलावरून ती बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला पोहोचली आणि १८६० मध्ये सोलापूरला. ज्या सोलापूरला पुढे गिरण्यांचे शहर म्हणून नाव मिळाले, त्या शहराकडे जाणारी गाडी या नदीकाठच्या लहान गावांमधून जात होती. पोमलवाडीला स्टेशन होते! धरण झाले तेव्हा रूळ उंच जमिनीवरून नव्याने टाकले गेले. जुना पूल उरला, आणि आगगाडीसाठी बांधलेल्या त्या पुलावरून करमाळा-भिगवण भागातील मोटारी व उसाची वाहने धावू लागली. शतकाहून अधिक वयाच्या पुलावर हा भार टाकला गेला, कारण दुसरा जवळचा मार्गच शिल्लक नव्हता. पुढे अवजड वाहनांना तिथे बंदी करावी लागली.

गावांची नावेही हेच सांगतात. केत्तूर नं. १, केत्तूर नं. २, वांगीलाही असेच क्रमांक. मूळ गाव पाण्यात गेले, माणसे वेगवेगळ्या माळांवर वसली आणि एका नावाचे तुकडे झाले. पुनर्वसनाच्या कागदांत जमीन, घर, विहीर, झाड यांची किंमत लागते. वाढलेल्या अंतराची लागत नाही. वाटेवरचे गाव रस्त्याच्या शेवटचे गाव झाले, ही हानी कोणत्या रकान्यात लिहायची?

ती हानी जुनी झालेली नाही. कुगाव ते इंदापूर तालुक्यातील कळाशी हे अंतर पाण्यावरून थोडे, रस्त्याने मात्र लांबचा वळसा. म्हणून लोक होडीने जात राहिले. २१ मे २०२४ च्या सायंकाळी वादळी वाऱ्यात अशीच एक होडी उलटली आणि सहा जण बुडाले. बातम्यांत तो अपघात होता. मला तो १९८० मध्ये तुटलेल्या वाटेचा भाग वाटतो. शिरसोडी-कुगाव पूल चार दशके आधीच धरणाच्या आराखड्यात असायला हवा होता, हे माझे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, तलाव म्हटले की एवढे होणारच. तसे नाही. सोलापूर शहराच्या उत्तरेला आदिला नदी अडवून १८७१ मध्ये पूर्ण झालेला एकरुख तलाव पाहा. लोक त्याला हिप्परगा तलाव म्हणतात. तो उजनीच्या मानाने फार लहान, हे मान्य. पण तुळजापूरचा रस्ता त्याच्या कडेने जातो आणि कोजागरीच्या सुमारास पायी निघालेले हजारो भाविक तळे हिप्परग्यावरूनच पुढे जातात. तळे आले, तरी गाव वाटेवरच राहिले.

उजनीने पश्चिम महाराष्ट्राचा दुष्काळी पट्टा भिजवला, ऊस आणला, भिगवणला रोहित पक्षी आणले. हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पुढच्या उन्हाळ्यात पळसदेवला जाणाऱ्यांनी एक दिवस पलीकडच्या काठासाठी ठेवावा. सर्वेक्षण खात्याच्या जुन्या नकाशांवर गाडीवाटा दिसतात, उतारांची स्थानिक नावे मात्र माणसांच्या तोंडीच असतात. धरण पूर्ण झाले तेव्हा विशीत असलेली माणसे आता पासष्टीच्या घरात आहेत. केत्तूरला, वांगीला, कुगावला त्यांना विचारा : तुमच्या गावाचा उतार कोणता, नाव कोण चालवी, इंदापूरच्या बाजाराला किती वाजता निघत होता. उत्तरे लिहून घ्या, आणि इथे खाली जोडा.