परीक्षेपुरती शहाणी गाडी

परीक्षा म्हणजे काय, हे लातूर आणि नांदेडच्या माणसाला कोणी सांगायला नको. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर गेला तो इथल्या महाविद्यालयांमुळे. आज या दोन्ही शहरांतल्या कितीतरी गल्ल्या बाहेरगावच्या मुलामुलींची वसतिगृहे, खानावळी आणि शिकवणी वर्ग यांवर चालतात. परीक्षेत पास होणे आणि विषय खरोखर येणे या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हेही इथल्या पालकांना अनुभवाने ठाऊक आहे. डिझेल मोटारींच्या धुराच्या चाचणीत बड्या कंपन्यांनी केलेली लबाडी आपल्याला चटकन कळावी, ती यामुळेच. इंजिनाचे तांत्रिक शब्द बाजूला ठेवले तर जे उरते त्याला आपल्याकडे एक सोपा शब्द आहे : कॉपी.

या लबाडीचे आपल्या सर्वात जवळचे उदाहरण जर्मनीचे नाही. ते आपल्या एस. टी. स्टँडबाहेर उभे राहत आले आहे. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर ज्याने तवेरा पाहिली नाही, असा माणूस विरळा. लग्नाचे वऱ्हाड, तुळजापूरची फेरी, आजाऱ्याला घेऊन हैदराबाद किंवा सोलापूर गाठणे, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला आलेल्या यात्रेकरूंना फिरवणे. दहा माणसे आणि टपावर सामान घेऊन ही गाडी वर्षानुवर्षे धावली. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने याच तवेरा गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. २००५ ते २०१३ या काळात बनलेल्या, थोड्याथोडक्या नव्हे, १ लाख १४ हजार. कारण कंपनीनेच सरकारला कळवले होते : चाचणीसाठी जाणाऱ्या गाड्यांत आपल्याच काही कर्मचाऱ्यांनी निवडून काढलेली, कमी धूर सोडणारी इंजिने बसवली होती आणि सौम्य निकष लागावेत म्हणून गाडीच्या वजनाच्या आकड्यांतही फेरफार केला होता. परीक्षेला बसले एक इंजिन, प्रमाणपत्र मिळाले दुसऱ्याला. आपल्या भाषेत, डमी उमेदवार! अनेक कर्मचाऱ्यांना, त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते, घरी जावे लागले. सरकारने चौकशी समिती नेमली. मग सारे शांत झाले.

दोन वर्षांनी जगाला हादरवणारे प्रकरण आले. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली. इथे डमी उमेदवाराची गरजच नव्हती. गाडीलाच परीक्षा ओळखायला शिकवले होते. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी असते. चाके फिरतात पण स्टिअरिंग वळत नाही, वेग ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वाढतो आणि उतरतो. गाडीतल्या संगणकाने ही लक्षणे ओळखली, की धूर आवरणारी यंत्रणा पूर्ण जोमाने सुरू होई. गाडी रस्त्यावर आली, की ती ढिली पडे. नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या कित्येक पट, अमेरिकी संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे काही वेळा ४० पटींपर्यंत बाहेर पडत. पर्यवेक्षक वर्गात असेपर्यंत मान खाली घालून बसणारा आणि तो बाहेर पडताच चिठ्ठी काढणारा विद्यार्थी आपण पाहिला आहे. जगभरात असे १ कोटी १० लाख ‘विद्यार्थी’ निघाले.

ही चोरी पकडली गेली तीही गमतीदार रीतीने. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या चमूने मापनयंत्र थेट गाडीत बसवून ती रस्त्यावर पळवली. या चमूत अरविंद तिरुवेंगडम हे मूळचे भारतीय अभियंतेही होते. अमेरिकेतल्या डिझेल गाड्या स्वच्छ असतात, हे दाखवून देणे हा या अभ्यासामागचा मूळ हेतू! तीन गाड्यांपैकी फोक्सवॅगनच्या दोन्ही नापास झाल्या. तिसरी, दुसऱ्या कंपनीची, बहुतांशी मर्यादेत राहिली. म्हणजे प्रश्नपत्रिका अशक्य नव्हती. अभ्यास करायचा नव्हता, एवढेच.

पण कंपनीला ही उठाठेव करायची गरज का पडली? डिझेल इंजिनात हवा फार दाबली जाते, उष्णता फार वाढते आणि त्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो. ते टाळण्यासाठी जळालेल्या धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून उष्णता उतरवतात. मेकॅनिक मंडळी ज्याला ‘ईजीआर’ म्हणतात ते हेच. पण त्याने काजळी वाढते, पिकअप मंदावतो, ॲव्हरेजही थोडे घटते. स्वच्छ हवा, चांगला ॲव्हरेज आणि कमी किंमत ही तिन्ही वचने एकाच वेळी द्यायची तर एक मोडावे लागते. कंपनीने असे वचन मोडले, ज्याचा हिशेब गिऱ्हाईक कधी मागत नाही.

या गोष्टीत महाराष्ट्र प्रेक्षक नव्हता. फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला, तिच्याच समूहातल्या स्कोडाचा शेंद्र्याला, म्हणजे आपल्या मराठवाड्यातच, तेव्हाच्या औरंगाबादजवळ. आणि ज्या संस्थेने भारतात या गाड्या तपासल्या ती ‘एआरएआय’ पुण्याची. पुणेकर जिच्या नावाने टेकडी ओळखतात, तीच. रस्त्यावरच्या तपासणीत नायट्रोजन ऑक्साइडांचे प्रमाण भारत स्टेज-४ च्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट भरले. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. मात्र आपण भारतातला कोणताही नियम मोडलेला नाही, असेच ती म्हणत राहिली. कारण तेव्हाचा नियम प्रयोगशाळेपुरता होता, रस्त्यासाठी नव्हताच. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दोन महिन्यांतच सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवर सक्तीची कारवाई करण्यास स्थगिती दिली.

आता गाडीवाल्यांकडे वळू. अमेरिकेत मालकांनी गाड्या परत करून पैसे घेतले आणि वर काही हजार डॉलरची भरपाईही मिळवली. जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये लोक कोर्टात गेले आणि त्यांना रकमा मिळाल्या. मे २०२५ मध्ये जर्मनीतल्या न्यायालयाने कंपनीच्या चार माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. आपल्याकडे मालकाच्या वाट्याला आली ती सर्व्हिस सेंटरची एक चक्कर. पण खरे सांगायचे तर त्याहून जास्त मागणारेही थोडेच होते. ‘गाडी चालते ना व्यवस्थित? मग कशाला हात लावायचा?’ हा सर्वसाधारण सूर. दुरुस्तीनंतर ॲव्हरेज उतरेल, ही धास्ती धुरापेक्षा मोठी होती. आणि ती धास्ती केवळ आपल्याकडचीच नव्हती; युरोपातल्या मालकांनीही हीच तक्रार केली.

आपल्याला राग का आला नाही? एक कारण उघड आहे. या वायूचा काळा लोट दिसत नाही, त्यामुळे तो डोळ्यांत भरत नाही. पण दुसरे कारण जरा अडचणीचे आहे. कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांचा संबंध नसतो, हे आपल्याला ही बातमी येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. कारण आपल्या डॅशबोर्डमध्ये पीयूसीची चिठ्ठी असते.

ती चिठ्ठी कशी मिळते, हे या पानाच्या वाचकांना समजावून सांगायची आवश्यकता नाही. नियमाप्रमाणे डिझेल गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि धुराची घनता मोजायची. प्रत्यक्षात नंबरप्लेटचा फोटो निघतो, पैसे दिले जातात आणि कागद छापला जातो, असे किती वेळा होते ते ज्याचे त्याने आठवावे. गंमत अशी, की ही चाचणी अगदी प्रामाणिकपणे झाली तरी ती फक्त काजळी मोजते. ज्या वायूसाठी फोक्सवॅगनने एवढा खटाटोप केला, तो डिझेल गाडीच्या पीयूसीत मोजलाच जात नाही. विमा उतरवायचा तर पीयूसी हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. केंद्राच्या सुधारित कायद्यात २०१९ पासून दंड १० हजारांपर्यंत गेला. चिठ्ठीची किंमत वाढली. हवेची वाढली का?

गॅरेजच्या पातळीवर तर मालकच कंपनीच्या पुढे एक पाऊल टाकतो. ईजीआरमध्ये काजळी साठली, दुरुस्तीचा आकडा मोठा निघाला, की ‘प्लेट मारून बंद करून टाका’ हा सल्ला मिळतो आणि तो ऐकला जातो. नव्या ट्रकना धूर स्वच्छ करण्यासाठी एक द्रव लागतो. ड्रायव्हर त्याला सरळ ‘युरिया’ म्हणतात. तोही टाळण्याच्या युक्त्या निघाल्या आहेत. जे जर्मनीत अभियंत्यांनी संगणकात केले, ते इथे पत्र्याच्या तुकड्याने होते.

म्हणून दोघे सारखेच दोषी, असे म्हणून मोकळे व्हावे का? तसे म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ज्याच्या डोक्यावर गाडीचा हप्ता आहे, ज्याची गाडी दोन दिवस उभी राहिली तर घरात चणचण भासते, त्याने पत्र्याचा तुकडा बसवणे आणि अब्जावधींची उलाढाल असणाऱ्या कंपनीने कोट्यवधी गाड्यांत थंड डोक्याने खोटे पेरणे, या दोन गोष्टींची बरोबरी होऊ शकत नाही. शिवाय तवेरा घेणाऱ्याला फसवले गेले होते. आपली गाडी नियमात आहे या समजुतीने त्याने पैसे मोजले होते. मात्र एक धागा दोघांत समान आहे. दोघांनाही पास व्हायचे आहे. स्वच्छ व्हायचे आहे की नाही, हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेलाच नाही. आणि या समान धाग्यामुळेच लहान अपराधी मोठ्या अपराध्याला जाब विचारायला कचरतो. बड्या कंपन्यांची सर्वात मोठी ढाल वकिलांची नाही. आपण सगळे थोडेफार तसेच, ही आपली समजूत हीच त्यांची खरी ढाल आहे.

ज्याला या व्यवहारात विचारलेच गेले नाही असा तिसरा माणूसही आहे. तो गाडीत बसलेला नाही. तो गाडीच्या मागे आहे. दुचाकीवर आईवडिलांच्या मध्ये बसलेले, शाळेला निघालेले पोर. गंजगोलाईत दिवसभर हातगाडी लावणारा. वजिराबादच्या रहदारीत उभा असलेला पोलीस. नायट्रोजनची ऑक्साइडे दमा बळावतात, उन्हात ओझोन तयार करतात आणि सूक्ष्म कणांत रूपांतरित होऊन फुप्फुसात खोल उतरतात. हरित लवादापुढे या नुकसानीचा हिशेब मांडला गेला तो दिल्लीच्या आधारे : तज्ज्ञ समितीने आरोग्याच्या हानीपोटी १७१.३४ कोटी रुपयांचा आकडा काढला. लातूर-नांदेडच्या छातीचा हिशेब कोणी मांडला नाही. तसे आपण नेहमीच मागच्या बाकावर. भारत स्टेज-४ चा नियम २०१० मध्ये ज्या १३ शहरांत लागू झाला, त्यांत शेजारचे सोलापूर होते. लातूर नव्हते, नांदेड नव्हते. देशभर तो लागू व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडावे लागले. आणि आता राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत, ज्यांची हवा निकषात बसत नाही अशा शहरांत, मुंबई-पुण्याच्या पंक्तीला लातूरचे नाव आहे. नियम उशिरा आला, धूर मात्र वेळेवर आला.

मग उपाय काय? तो नांदेडने एकदा करून दाखवला आहे, फक्त वेगळ्या परीक्षेत. २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम हाती घेतली. निकालाची टक्केवारी घसरली, ओरड झाली. पण तो निकाल खरा होता. पुढे तीच मोहीम राज्यभर नेण्यात आली. खोटे नव्वद टक्के आणि खरे साठ टक्के यांत निवड करायची वेळ आली तेव्हा या जिल्ह्याने खरे साठ पचवले.

मोटारींच्या बाबतीत असाच एक बदल झाला आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ आले. डिझेल मोटारीसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर उतरली. १ एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींची परीक्षा प्रत्यक्ष रस्त्यावर, गाडीला यंत्र जोडून घेणेही बंधनकारक झाले. भरारी पथक परीक्षा केंद्रात पोचले म्हणायचे. पण हे नव्या गाड्यांपुरते. एमएच-२४ आणि एमएच-२६ च्या पाट्या लावून रोज धावणाऱ्या हजारो जुन्या गाड्यांसाठी पर्यवेक्षक अजूनही तोच, चिठ्ठी छापणारा. तिथे प्रत्यक्ष गाडी तपासली जाते की नाही यावर देखरेख, रस्त्यावर अचानक तपासणी आणि फसवल्या गेलेल्या मालकाला अमेरिकेतल्यासारखी रोख भरपाई, एवढ्या तीन गोष्टी मागायला कुणी तज्ज्ञ असण्याची गरज नाही.

मागणाऱ्याने मात्र एक करावे. पुढच्या वेळी पीयूसी काढताना गाडी खरोखर यंत्राला जोडायला लावावी. पाच मिनिटे जातील, कदाचित गाडी नापासही होईल. आपल्या मुलाने कॉपी करून पास होऊ नये, म्हणून आपण जीव टाकतो. तेच मूल रोज सकाळी ज्या हवेतून शिकवणीला जाते, त्या हवेच्या परीक्षेतही खरा निकाल लागू द्यायला काय हरकत आहे?